नाताळची सुटी आणि रहस्यकथा : अगाथा ख्रिस्ती यांचे जीवन



दिवाळी जवळ आली की आपल्याकडे फराळाइतकीच दिवाळी अंकांचीही वाट पाहिली जाते. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून सणाची सुटी आणि वाचन यांचे जे नाते मराठी घरांत जुळले, त्याचा आपण सर्वांनी अनुभव घेतला आहे. इंग्लंडमध्ये असेच नाते नाताळ आणि कथावाङ्मय यांचे आहे. डिसेंबरमध्ये तेथे दुपारी चारच्या सुमारासच अंधारून येते, बाहेर गारठा असतो, घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि शेकोटीजवळ बसून काहीतरी भयकारक वाचावे किंवा ऐकावे अशी तेथील जुनी रीत आहे. एकोणिसाव्या शतकात ही गरज भुताखेतांच्या गोष्टी भागवीत. विसाव्या शतकात त्या जागेवर हेरकथा येऊन बसली, आणि तिला तेथे पक्के बसविण्याचे श्रेय मुख्यतः एका लेखिकेला द्यावे लागते. ती लेखिका म्हणजे अगाथा ख्रिस्ती.

अगाथाबाईंची नवी कादंबरी वर्षअखेरीस बाजारात यावी आणि ती नाताळची भेट म्हणून विकली जावी, अशी योजना त्यांच्या कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने आखली होती. पुढे पुढे तर नाताळ म्हणजे ख्रिस्तीबाईंचे नवे पुस्तक, अशीच जाहिरात होऊ लागली. (मराठी वाचकाला या आडनावाची थोडी गंमत वाटते. नाताळ हा ख्रिस्ती सण आणि लेखिकाही ख्रिस्ती! अर्थात हा केवळ उच्चाराचा योगायोग आहे.) या घटकात आपण त्यांचे संपूर्ण चरित्र तपशिलाने पाहणार नाही. सुटीत निश्चिंतपणे वाचली जाणारी ही पुस्तके कोणत्या जीवनातून आली, एवढाच प्रश्न आपल्यासमोर आहे. त्यासाठी त्यांच्या आयुष्यातील काही डिसेंबर महिने आपण जरा थांबून पाहू.

बालपण आणि ॲबनी हॉल

अगाथा मेरी क्लॅरिसा मिलर हिचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील फ्रेडरिक हे अमेरिकन होते. वडिलोपार्जित उत्पन्नावर जगणारे, आनंदी आणि व्यवहारात फारसे लक्ष न घालणारे असे ते गृहस्थ होते. आई क्लॅरा यांची मते मोठी विलक्षण होती. मुलांना आठ वर्षांपर्यंत वाचायला शिकवू नये असे त्या मानीत. अगाथा मात्र पाचव्या वर्षाच्या सुमारास आपली आपणच वाचायला शिकली. बहीण मॅज आणि भाऊ माँटी वयाने पुष्कळ मोठे होते, त्यामुळे तिचे बालपण बहुधा एकटीनेच खेळण्यात आणि मनाशी गोष्टी रचण्यात गेले. तिचे शिक्षणही बहुतांशी घरीच झाले. पदवी, परीक्षा यांचा तिच्या आयुष्याशी फारसा संबंध आला नाही.

१९०१ साली वडील वारले. तेव्हा अगाथा अकरा वर्षांची होती. पैशाची चणचण सुरू झाली आणि ॲशफील्ड हे राहते घर टिकते की जाते अशी वेळ आली. ते घर कसेबसे टिकले, परंतु पूर्वीची भरभराट उरली नाही. पुढच्या वर्षी मॅजचे लग्न जेम्स वॉट्स यांच्याशी झाले आणि मायलेकी नाताळसाठी तिच्या सासरी, चेशायरमधील ॲबनी हॉल येथे जाऊ लागल्या. ॲबनी हॉल हा एक प्रचंड वाडा होता. जिने, बोळ, आडवाटेच्या खोल्या, पडदे आणि कोनाडे यांनी तो गजबजलेला होता. तेथील नाताळ म्हणजे खाण्याचा सोहळाच. टर्की, गोमांस, पुडिंगे, मिठाया यांचा मारा चाले आणि त्या घरातील एका मुलाशी अगाथाची जेवणाची पैज लागे. ज्या घरात दोन वेळा हिशेब करून खर्च होई, त्या घरातील मुलीच्या मनावर या समृद्धीचा केवढा ठसा उमटला असेल! पुढे सत्तरीला पोहोचलेल्या अगाथाबाईंनी १९६० साली नाताळच्या पुडिंगावरील कथेचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांना हाच वाडा आठवला.

विवाह, युद्ध आणि पहिली कादंबरी

दुसरा डिसेंबर १९१४ सालचा आहे. पहिले महायुद्ध सुरू होऊन चार-पाच महिने झाले होते. आर्चिबाल्ड ख्रिस्ती हे तरुण सैनिकी अधिकारी थोड्या दिवसांच्या रजेवर आले होते. त्यांचा जन्म हिंदुस्थानात झाला होता आणि त्यांचे वडील येथील सनदी सेवेत होते. रजा संपण्यापूर्वी लग्न उरकावे असे दोघांनी अचानक ठरविले आणि २४ डिसेंबर रोजी, म्हणजे नाताळच्या आदल्या दिवशी, ब्रिस्टलजवळ क्लिफ्टन येथे साध्या कपड्यांत त्यांचा विवाह झाला. नाताळ आटोपताच पती पुन्हा रणभूमीवर गेले.

अगाथाबाई टॉर्कीच्या युद्धरुग्णालयात परिचारिकेचे काम करीत होत्या. नंतर त्यांना तेथील औषधालयात नेमण्यात आले. त्यांनी त्याची रीतसर परीक्षाही दिली. त्यांच्या आयुष्यातील ही मोजकी औपचारिक विद्या होय, आणि तिचा त्यांनी जन्मभर उपयोग करून घेतला. कोणते द्रव्य किती मात्रेत औषध आणि किती मात्रेत विष, दोन निरुपद्रवी वाटणारी मिश्रणे एकत्र आली तर काय होते, हे ज्ञान त्यांनी बाटल्या हाताळता हाताळता मिळविले. हेरकथा लिहिणे तुला जमणार नाही, असे मॅजने कधीतरी चिडविले होते. औषधालयातील रिकाम्या वेळात त्यांनी ते आव्हान स्वीकारले. त्या काळी टॉर्कीत बेल्जियममधून आलेले निर्वासित राहत होते. त्यांच्याकडे पाहून निवृत्त बेल्जियन पोलीस अधिकारी हर्क्युल पॉयरो याची कल्पना त्यांना सुचली.

स्टाइल्स येथील रहस्यमय मृत्यूची ही कादंबरी १९१६ मध्ये लिहून झाली, पण अनेक प्रकाशकांनी ती परत पाठविली. शेवटी बॉडली हेड या संस्थेचे जॉन लेन यांनी ती स्वीकारली, तीही एक बदल सुचवून. मूळ हस्तलिखितात रहस्याचा उलगडा न्यायालयातील साक्षीच्या रूपाने होत होता. लेन यांना ते पटले नाही. लेखिकेने तो प्रसंग दिवाणखान्यात आणला. सर्वजण जमले आहेत, प्रत्येकावर थोडाथोडा संशय आहे आणि गुप्तहेर शांतपणे एकेक धागा सोडवितो आहे, ही रहस्यकथेतील आज सर्वपरिचित झालेली रचना त्यांच्या लेखनात अशी प्रकाशकाच्या सूचनेवरून आली. नाताळच्या वाचनाशी तिचा संबंध उघड आहे. वाचक स्वतः ज्या प्रकारच्या खोलीत आप्तेष्टांसह बसलेला असे, तसल्याच खोलीत कथेचाही शेवट होऊ लागला.

कादंबरी १९२० मध्ये अमेरिकेत आणि १९२१ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. लेखिकेच्या हाती पंचवीस पौंड पडले. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्यातील विषाची माहिती अचूक असल्याबद्दल प्रशंसा केली, त्याचा त्यांना विशेष आनंद झाला.

१९२६ चा डिसेंबर

आता ज्या डिसेंबरविषयी सर्वाधिक लिहिले गेले आहे, त्याकडे वळू. १९२६ हे वर्ष लेखनाच्या दृष्टीने मोठ्या यशाचे होते. रॉजर ॲक्रॉइड याच्या खुनाची कादंबरी त्या वर्षी आली आणि तिच्या अखेरच्या कलाटणीने वाचक थक्क झाले. काहींना ती फसवणूक वाटली. पण घरात निराळेच चालले होते. एप्रिलमध्ये आई गेली. अगाथाबाई ॲशफील्डमध्ये एकट्याच आईचे सामान आवरीत राहिल्या. पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या वस्तूंनी भरलेले ते घर आवरता आवरता त्यांचे खाणे-झोपणे बिघडले. याच सुमारास पतीने आपले दुसऱ्या स्त्रीवर प्रेम असल्याचे सांगून घटस्फोट मागितला.

३ डिसेंबरच्या रात्री अगाथाबाई मोटार घेऊन घराबाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी मोटार सरे परगण्यातील न्यूलँड्स कॉर्नर येथे सोडून दिलेली सापडली. आत त्यांचा फरचा कोट होता, पण त्या नव्हत्या. पोलीस आणि हजारो स्वयंसेवक टेकड्या, झाडी, तळी धुंडाळू लागले. वृत्तपत्रांनी पतीवर संशय घेतला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी तर त्यांचा हातमोजा एका परलोकविद्येच्या जाणकाराकडे नेला. होम्सच्या निर्मात्याने शोधासाठी तर्काऐवजी परलोकविद्येचा आधार घ्यावा, यावर वेगळे भाष्य नको. अखेर १४ डिसेंबरला यॉर्कशायरमधील हॅरोगेट येथील एका हॉटेलात त्या सापडल्या. तेथील नोंदवहीत त्यांनी नाव निराळे लिहिले होते, आणि आडनाव होते पतीच्या प्रेयसीचे.

हा स्मृतिभ्रंश होता, मनाचा तोल जाणे होते की पतीला दिलेली शिक्षा, यावर पुस्तकेच्या पुस्तके लिहिली गेली आहेत. अगाथाबाईंनी आत्मचरित्रात त्या अकरा दिवसांचा उल्लेखही केला नाही. विद्यार्थी म्हणून आपण या मौनाचा आदर राखणे बरे. एरवी चरित्राचे रूपांतर पाहता पाहता रहस्यकथेत होते आणि माणूस हरवतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. हॅरोगेटहून पत्रकारांचा ससेमिरा चुकवीत त्यांना नेण्यात आले ते ॲबनी हॉलमध्ये. जेथे लहानपणी नाताळचे पुडिंग खाण्याच्या पैजा लागल्या, त्याच वाड्यात, त्याच महिन्यात, दारे बंद करून त्या राहिल्या.

त्यानंतर पोट भरण्याचा प्रश्न होता. १९२७ च्या आरंभी त्या मुलगी रोझलिंड आणि लेखनिक मदतनीस यांच्यासह कॅनरी बेटांवर गेल्या आणि निळ्या आगगाडीवरील कादंबरी जिद्दीने पुरी केली. लिहिण्यात आनंद नव्हता, शब्द सुचत नव्हते, मुलगी मध्येमध्ये येऊन लुडबूड करीत होती. ही कादंबरी त्यांना कधीच आवडली नाही. परंतु हौशी लेखिका आपण याच वेळी संपलो आणि व्यावसायिक लेखिका झालो, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. इच्छा असो वा नसो, बरे लिहिले जात असो वा नसो, ठरलेले काम पुरे करायचे, हा तो धडा होता. नोकरी, घर आणि मुले सांभाळून रात्री स्वाध्याय लिहिणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ही स्थिती निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एका मासिकात त्यांची एक लघुकथा आली. तिच्यात कोपऱ्यात बसून विणकाम करणारी एक वृद्ध अविवाहित स्त्री सर्वांच्या आधी रहस्य उकलते. मिस मार्पल हे पात्र वाचकांसमोर प्रथम आले ते असे.

दुसरा संसार, नवे प्रदेश

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. त्या शरद ऋतूत अगाथाबाई ओरिएंट एक्स्प्रेसने एकट्याच बगदादकडे निघाल्या आणि ऊर येथील उत्खनन पाहून आल्या. १९३० मध्ये तेथेच त्यांची भेट पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी झाली. ते वयाने चौदा वर्षांनी लहान होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दोघांचा विवाह झाला आणि तो अखेरपर्यंत टिकला. पुढे इराक आणि सीरियातील उत्खननांवर त्या पतीबरोबर जात. छायाचित्रे घेत, नोंदी ठेवीत, आणि निमरूद येथे सापडलेल्या प्राचीन हस्तिदंती वस्तू चेहऱ्याला लावण्याच्या क्रीमने पुसून स्वच्छ करीत.

१९३१ च्या डिसेंबरात त्या पतीला उत्खननावर ठेवून एकट्या इंग्लंडकडे परतत असताना मुसळधार पावसाने मार्ग खचला आणि ओरिएंट एक्स्प्रेस वाटेत अडकून पडली. डब्यातील नाना देशांचे प्रवासी, त्यांच्या तक्रारी, त्यांच्या लकबी हे सर्व त्यांनी पतीला पत्रातून कळविले. १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बर्फात अडकलेल्या आगगाडीवरील कादंबरीचे बीज या प्रवासात आहे. बर्फाने जग बाहेर ठेवले आणि माणसे आत कोंडली गेली, ही त्यांची आवडती योजना झाली. ‘द माउसट्रॅप’ हे त्यांचे नाटकही बर्फाने वेढलेल्या अतिथिगृहात घडते. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनमध्ये सुरू झालेले हे नाटक महासाथीच्या काळातील खंड वगळता आजही चालू आहे. त्याचे स्वामित्वधन त्यांनी नातवाच्या नावे करून दिले होते.

पॉयरोचा नाताळ

१९३८ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, ‘हर्क्युल पॉयरोज ख्रिसमस’ ही कादंबरी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. तिची अर्पणपत्रिका मॅजचे यजमान जेम्स यांना उद्देशून आहे. आपल्या मेहुणीच्या पुस्तकांतील खून फारच सोज्ज्वळ होऊ लागले आहेत, एकदा भरपूर रक्त सांडलेला खून हवा, अशी त्यांची तक्रार होती. अगाथाबाईंनी ती मनावर घेतली. म्हणजे ॲबनी हॉलच्या यजमानांना नाताळची भेट म्हणून मिळाला तो एक रक्तरंजित खून!

कथानक असे आहे. सिमियन ली हा वृद्ध, कोट्यधीश आणि कुचेष्टेखोर गृहस्थ वर्षानुवर्षे दुरावलेल्या मुलांना नाताळसाठी घरी बोलावितो. एक मुलगा घर सांभाळणारा, एक राजकारणात पडलेला, एक आईच्या दुःखावरून बापावर दात धरून असलेला, तर एक उडाणटप्पू. सुना आहेत, स्पेनहून आलेली नात आहे, दक्षिण आफ्रिकेतून आलेला एक अनोळखी पाहुणाही आहे. म्हातारा मुद्दाम सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने मृत्युपत्र बदलण्याची भाषा करतो. नाताळच्या आदल्या संध्याकाळी वरच्या मजल्यावर सामान उलथेपालथे झाल्याचा आवाज येतो, एक अमानुष किंकाळी उठते आणि आतून बंद असलेले दार फोडावे लागते. पुढचे आम्ही सांगणार नाही. रहस्य फोडणे हा अभ्यासाचा भाग नव्हे.

एक प्रसंग मात्र अवश्य पाहावा. तेथील पोलीस प्रमुखाचे मत असे की नाताळात सर्वत्र सद्भाव असतो, तेव्हा गुन्हे घडण्याचा संभव कमी. पॉयरोला हे मान्य नाही. वर्षभर एकमेकांपासून दूर राहिलेली माणसे सणासाठी एका छपराखाली येतात, मनात नसलेला गोडवा चेहऱ्यावर आणतात, त्याचा ताण वाढत जातो. त्यात अतिरिक्त खाणे आणि त्यातून येणारे अपचन व चिडचिड यांची भर पडते, असा त्याचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद विनोदी आहे आणि खराही आहे. दिवाळीत किंवा गणपतीत वडिलोपार्जित घरी जमलेल्या भावाभावांत शेतीच्या वाटणीचा विषय कधी निघतो, हे आठवून पाहा.

सुटीतील वाचकाला या कादंबऱ्या का रुचतात याचे एक उत्तर येथे मिळते, असे आम्हाला वाटते. कुटुंबात जे बोलता येत नाही ते येथे बोलले जाते, तेही दुसऱ्या कुटुंबाच्या निमित्ताने. आणि तीनशे पृष्ठांच्या आत सर्व प्रश्नांची उत्तरे मिळतात, जी घरात मिळत नाहीत.

विचार करा : सणाच्या निमित्ताने एकत्र आलेले कुटुंब हा विषय आपण वाचलेल्या कोणत्या मराठी कथा-कादंबरीत वा नाटकात आला आहे? तेथे ताण कशातून निर्माण होतो?

या लेखनाच्या मर्यादाही पाहिल्या पाहिजेत. पात्रे पुष्कळदा साच्यातून काढल्यासारखी असतात. नोकर-चाकर आणि परदेशी माणसे यांच्याविषयीचे तत्कालीन इंग्रजी वरच्या वर्गाचे पूर्वग्रह अनेक ठिकाणी तसेच्या तसे उतरले आहेत. १९३९ च्या एका अत्यंत लोकप्रिय कादंबरीचे मूळ शीर्षकच वर्णद्वेषी असल्याने पुढे बदलावे लागले. अमेरिकन लेखक रेमंड चँडलर आणि समीक्षक एडमंड विल्सन यांनी १९४०च्या दशकात या प्रकारच्या कथेवर कठोर टीका केली. त्या टीकेत तथ्य आहे. परंतु ख्रिस्ती यांच्या रचनाकौशल्याला, विशेषतः वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेला पुरावा त्याला न दिसू देण्याच्या त्यांच्या हातोटीला, त्या टीकेने बाध येत नाही.

तिजोरीतील हस्तलिखित

एवढे लिहिणाऱ्या या बाईंची लेखनाची स्वतंत्र खोली वर्षानुवर्षे नव्हती. जेवणाचे टेबल किंवा निजण्याच्या खोलीतील हातपाय धुण्याचे संगमरवरी टेबल त्यांना पुरे. उपलब्ध असलेल्या त्र्याहत्तर टिपणवह्यांत खुनाच्या योजनांशेजारीच खरेदीच्या याद्या आढळतात. अशा रीतीने ६६ हेर-कादंबऱ्या आणि शेकडो पृष्ठांच्या लघुकथा लिहिल्या गेल्या.

दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनमध्ये पुन्हा एका रुग्णालयाच्या औषधालयात काम करीत होत्या. शहरावर बाँब पडत होते. आपण जगलो नाही तर घरच्यांची सोय असावी म्हणून त्यांनी पॉयरोची अखेरची कथा लिहून ठेवली आणि तिचे हक्क मुलीला दिले. मिस मार्पलची एक कादंबरीही पतीसाठी अशीच राखून ठेवली. दोन्ही हस्तलिखिते सुरक्षित जागी बंद झाली.

१९७१ मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला. तोवर शरीर थकले होते. १९७३ ची कादंबरी ही त्यांनी लिहिलेली शेवटची. तिच्यात धागे सुटलेले दिसतात आणि जाणत्या वाचकाला ते वाचताना वाईट वाटते. पुढच्या वर्षी प्रकाशकांनी पॉयरोच्या जुन्या कथांचा संग्रह काढून नाताळ साजरा केला. १९७५ साठी मात्र हाती काहीच नव्हते. तेव्हा तिजोरीतील पहिले हस्तलिखित बाहेर काढण्याचे ठरले. पॉयरो पुन्हा त्याच स्टाइल्स येथील घरात येतो आणि तेथेच मरण पावतो. ६ ऑगस्ट १९७५ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर त्याच्या निधनाचे वृत्त दिले, जणू तो खरा माणूस होता. सप्टेंबरमध्ये पुस्तक दुकानांत आले आणि त्या वर्षीच्या नाताळात भेट म्हणून दिले गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १२ जानेवारी १९७६ रोजी, वॉलिंगफर्डजवळील विंटरब्रुक येथील घरी अगाथा ख्रिस्ती यांचे निधन झाले. जवळच्या चोल्सी गावातील चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत तिजोरीतील दुसरे हस्तलिखितही छापून आले, आणि लेखिका हयात नसतानाही वाचकांना नाताळचे पुस्तक वेळेवर मिळाले.